गुरुजींचा थर्मास

धम्मशीलाच्या डोळ्यांतला पिवळेपणा पहिल्यांदा दिसला तो तिच्या आईला, आणि तोही स्कूटीच्या आरशात. सुलाबाई मागं बसल्या होत्या, मांडीवर दळणाचा डबा. राणीसावरगावच्या चौकात गाडी थांबली, समोरून ऊन आलं आणि आरशातल्या लेकीच्या डोळ्यांकडं त्यांचं लक्ष गेलं. पिकल्या लिंबोळीसारखे डोळे. "शीले, गाडी बाजूला घे," त्या म्हणाल्या आणि खाली उतरून त्यांनी पोरीच्या पापण्या बोटानं वर करून बघितल्या. दळण तसंच राहिलं, दोघी माघारी घरी आल्या.

रंगनाथ गुरुजी तेव्हा अंगणातल्या लिंबाखाली गुळवेलीची कांडकी ठेचत बसले होते. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, लेकीचा चेहरा उजेडाकडं वळवला आणि ते भ्याले. पण बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. भ्याला तरी सहजासहजी दाखवत नाही. "कावीळ हाय. पाण्यातून झाली असंल. उद्याच परभणीला जाऊ," ते म्हणाले. मग ठेचलेली गुळवेल त्यांनी रोजच्यासारखी पातेल्यात टाकली, आणि त्या दिवशी दोन कांडकी जास्तीची टाकली.

धम्मशीला सव्वीस वर्षांची. गावच्या पोस्टात डाकसेवक. जिल्ह्यातले सगळे पिनकोड तिला तोंडपाठ होते आणि कुणी विचारलं की ती ते पाढ्यासारखे म्हणून दाखवायची. उन्हाळ्यापासून मात्र तिला थकवा जाणवायला लागला होता. सकाळी बोटं आखडायची, शिक्का मारताना मनगट ठणकायचं. गुरुजींनी निदान केलं, प्रतिकारशक्ती कमी झालीय. मे महिन्यात त्यांनी तिला सकाळी एक पेला काढा सुरू केला. थकवा वाढला तसा संध्याकाळचाही पेला सुरू झाला. कडू जहर लागायचा. ती नाक दाबून प्यायची आणि रिकामा पेला बापापुढं उलटा करून दाखवायची.

कावीळ झाल्याची बातमी गल्लीत पसरायला कितीसा वेळ लागतो? संध्याकाळी पार्वतीबाई आल्या. त्यांच्या माहेरी काविळीची माळ देणारा एक बाबा होता. वनस्पतीच्या काड्यांची छोटीशी माळ, डोक्यावर ठेवायची. रोज ती आपोआप वाढते, गळ्यात येते, मग छातीवर, मग पोटावर. गुडघ्यापर्यंत आली की कावीळ उतरली म्हणून समजायचं. "गुरुजी, माझ्या भाच्याला लय गुण आला बगा," पार्वतीबाई म्हणाल्या.

गुरुजींना असा प्रसंग मिळाला की ते सोडायचे नाहीत. त्यांनी पार्वतीबाईंना समोर बसवलं आणि समजावून सांगितलं, की ओल्या काड्या वाळतात, आक्रसतात, गाठी सैल पडतात, म्हणून माळ लांबते. "ती माळ विजेच्या खांबाला घातली तरी लांबंल, पार्वतीबाई. खांबाला काय कावीळ झालीय?" वर त्यांनी हेही ऐकवलं, की छप्पन साली त्यांच्या आजोबांनी घरातले देव पोत्यात बांधून नदीत सोडले ते काय नातवानं माळा घालत बसावं म्हणून नव्हे. पार्वतीबाई तोंड बारीक करून गेल्या. गुरुजींचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. वाईट एवढंच, की खरं बोलून झाल्यावर त्यांनी मागं वळून चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि लेकीला पेला भरून दिला.

या गुळवेलीची एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय गुरुजी कळायचे नाहीत. किशनराव हे गावातले मोठे शेतकरी. गुरुजींचे शेजारी, तसे मित्रच म्हणा. पेपर वाचायला रोज अंगणात यायचे, राजकारणावर तासतासभर बोलायचे. पण तीस वर्षांत त्या घरचं पाणी त्यांनी घेतलं नव्हतं. सुलाबाई चहा ठेवते म्हणाल्या की "आत्ताच झाला की वैनी" हे ठरलेलं. कधी उपवास, कधी पित्त. गुरुजी हसायचे आणि आतून जळायचे. मग करोनाची दुसरी लाट आली. गावात रोज एक सरण जळायला लागलं. कुणीतरी सांगितलं की लिंबावर चढलेली गुळवेल सगळ्यांत गुणकारी, आणि अशी वेल गावात एकच, गुरुजींच्या दारात. एका सकाळी किशनराव आले, तोंडाला गमछा बांधलेला, डोळे भ्यालेले. गुरुजींनी काढा दिला. किशनराव गमछा खाली ओढून तो काढा तिथंच उभ्यानं, गुरुजींच्या घरच्या स्टीलच्या पेल्यातून घटाघटा प्यायले.

तो घोट गुरुजी विसरले नाहीत. त्या दिवशी ते आत जाऊन रडले होते, हे फक्त सुलाबाईंना माहीत. त्यानंतर चार वर्षं किशनराव येतच राहिले. त्यांच्यामागं आणखी दहा घरं यायला लागली. शाळेतून निवृत्त झालेल्या माणसाला गाव 'गुळवेलवाले गुरुजी' म्हणून पुन्हा ओळखायला लागलं. ती वेल म्हणजे त्यांची अब्रू होती, यात काही खोटं नाही.

परभणीत स्टेशनच्या बाजूच्या एका दवाखान्यात धम्मशीलाला भरती केलं. डॉक्टर होत्या राजेश्री मॅडम, वयानं गुरुजींच्या विद्यार्थिनी शोभाव्या अशा. फार भरभर बोलायच्या आणि विचारताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायच्या. त्यांनी खोदून खोदून विचारलं. ताप? नाही. बाहेरचं खाणं? नाही. दारू? धम्मशीलाला हसू आलं. "आणि घरगुती काही? काढा, चूर्ण, झाडपाला, कुणी दिलेलं?"

धम्मशीलानं बापाकडं बघितलं. गुरुजी ताठ बसले होते. झाडपाला म्हटल्याबरोबर त्यांच्या डोळ्यांपुढं तो माळवाला बाबा आला आणि त्याच्या रांगेत आपल्याला बसवलं जातंय असं त्यांना वाटलं. गुळवेल काय झाडपाला आहे? ते औषध आहे. आणि ही चार बुकं जास्त शिकलेली मुलगी आता नाक मुरडणार. "नाही मॅडम," ते म्हणाले. "आमच्या घरात असलं काही चालत नाही." धम्मशीला त्यांच्याकडं आणखी क्षणभर बघत राहिली. मग तीही मॅडमना म्हणाली, "नाही."

त्या एका 'नाही'वर पुढचे नऊ दिवस उभे राहिले.

काविळीच्या सगळ्या जंतूंच्या तपासण्या झाल्या. एकही जंतू सापडला नाही. मग आणखी वेगळं रक्त घेतलं, ते बाहेरगावी पाठवलं, सुई घालून लिव्हरचा कणभर तुकडा काढला. चौथ्या दिवशी मॅडमनी गुरुजींना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर कागद पसरले होते. गुरुजींनी उलटे ठेवलेले आकडेही वाचायचा प्रयत्न केला.

"गुरुजी, तुम्ही विज्ञानाचे शिक्षक, तुम्हाला पटकन कळेल," मॅडम म्हणाल्या. "शेतात राखणीला माणूस ठेवलाय समजा. चोर आला की हाणायचं हे त्याचं काम. एक दिवस काय होतं, त्याचं डोकं फिरतं आणि तो घरच्याच माणसांना चोर समजून बडवायला लागतो. शीलाच्या शरीरात तेच झालंय. जंतू नाहीत. तिची स्वतःची प्रतिकारशक्ती तिच्या लिव्हरवर तुटून पडलीय."

"कामून पण?" गुरुजींच्या तोंडून निघालं. "तिनं काय केलं?"

"तिनं काहीच केलेलं नसतं. काहींच्या अंगात तसा कल असतो, मग काहीतरी निमित्त होतं. पण घाबरू नका. यावर गोळ्या आहेत. त्या राखणदाराला झोपवायचं. प्रतिकारशक्ती मुद्दाम खाली आणायची."

गुरुजी बाहेर येऊन बाकावर बसले. बत्तीस वर्षं त्यांनी फळ्यावर पांढऱ्या पेशींची चित्रं काढली होती, हातात भाले दिलेले शिपाई. मुलांना ते चित्र फार आवडायचं. त्या शिपायांनी घरच्यांवरच भाले उचलावेत, हे त्यांच्या बुद्धीला पटत होतं आणि मनाला पटत नव्हतं. वॉर्डात चहूकडं खोकणारी माणसं. एका खाटेवर टीबीचा संशय असलेला म्हातारा. अशा ठिकाणी पोरीची प्रतिकारशक्ती झोपवणार? उद्या हिला न्यूमोनिया झाला तर? भीतीनं माणूस वेडा होत नाही, उलट फार तर्कशुद्ध होतो, आणि तेच जास्त धोक्याचं. गुरुजींनी तर्क केला की मॅडम वरून कमी करतायत तर आपण खालून थोडी भर घालावी. म्हणजे मेळ बसेल.

सुलाबाईंची बहीण सरजाबाई परभणीतच राहायची. भरतीच्या दिवसापासून गुरुजी तिच्या घरी रोज पहाटे गॅसवर काढा उकळायचे, गाळून थर्मासमध्ये भरायचे आणि दवाखान्यात आणायचे. आधी दिवसातून दोनदा, आता तीनदा. "मॅडमला इचारलं का?" सुलाबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं. "विचारलंय," गुरुजी म्हणाले. बायकोशी ते आजवर खोटं बोलले नव्हते, म्हणून तिनं पुन्हा विचारलं नाही. धम्मशीला पेला हातात घ्यायची, बापाकडं बघायची आणि प्यायची. नाक दाबायचीही ताकद तिच्यात राहिली नव्हती.

आणि आकडे चढत चालले. बिलिरुबिन नावाचा एक आकडा होता, तो निरोग्या माणसाचा एकाच्या आसपास असतो. हिचा भरती केलं तेव्हा अकरा होता, चौथ्या दिवशी चौदा झाला. अंगभर खाज सुटली. लघवी काळ्या चहासारखी. तळहात पिवळे, नखं पिवळी, उशीच्या अभ्र्यावर सुद्धा पिवळट डाग. सुलाबाई खाटेच्या पायथ्याशी बसून लेकीची पावलं चोळायच्या आणि मनातल्या मनात वंदना म्हणायच्या. गुरुजी रोज सकाळी रिपोर्ट घ्यायला खाली जायचे तेव्हा कठड्याला धरून एकेक पायरी उतरायचे.

मॅडमनी एक नवीनच तपासणी सुरू केली होती. लिव्हर फार बिघडलं की रक्तातलं विष डोक्यात चढतं, माणूस बरळायला लागतो. म्हणून त्या रोज सकाळी धम्मशीलाला काहीबाही विचारायच्या. ती पोस्टातली आहे हे कळल्यावर पिनकोड विचारायला लागल्या. गंगाखेड? चार तीन एक पाच एक चार. परभणी? चार तीन एक चार शून्य एक. मॅडम हसायच्या, "पास." तेवढी मिनिटं गुरुजींना दिवसभर पुरायची.

नवव्या दिवशी सकाळी मॅडमनी विचारलं, "परभणी?"

धम्मशीलानं डोळे उघडले. "चार," ती म्हणाली. "तीन. एक." मग थांबली. ओठ हलले. "चार... चार तीन..." तिनं आईकडं बघितलं, मग छताकडं. "मॅडम, टपाल वाटायचं राहिलंय वो," ती म्हणाली, आणि घाईनं उठायला लागली. हाताला लावलेली सुई ताणली गेली. सुलाबाईंनी तिला कवटाळून परत निजवलं. गुरुजी खाटेच्या लोखंडी दांड्याला धरून उभे होते.

मॅडमनी त्यांना बाजूला घेतलं. आज त्या भरभर बोलल्या नाहीत. "आकडा एकोणीसवर गेलाय. रक्त गोठायला वेळ लागतोय. गोळ्या लागू पडत नाहीयेत, आणि का ते मला कळत नाहीये. चार वाजता अँब्युलन्स बोलावते. तिला मोठ्या शहरात न्यावं लागेल. लिव्हर बदलायची वेळ येऊ शकते. घरातलं कुणी तुकडा देऊ शकेल का, याचा विचार करून ठेवा."

"माझं घ्या," सुलाबाई मागून म्हणाल्या. "सगळं घ्या. आत्ता घ्या." मॅडमनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या पुढच्या खाटेकडं गेल्या.

गुरुजी फाईल घेऊन बाहेरच्या बाकावर येऊन बसले. मोठ्या शहरात सगळे कागद लागतील, ते तारखेनं लावावेत, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. हाताला काम हवं होतं. अकरा. चौदा. मग तेरा. गुरुजी थांबले. तेरा कसा? मधेच एकदा आकडा उतरला होता आणि कुणाच्या लक्षात राहिला नव्हता. सहाव्या दिवसाचा रिपोर्ट. त्यानंतर सोळा, मग एकोणीस. पाचव्या आणि सहाव्या दिवशी काय झालं होतं? पाचव्या दिवशी गुरुजी गावी गेले होते, ताजी गुळवेल आणायला. सहाव्या दिवशी संध्याकाळी परत आले. ते दोन दिवस काढा नव्हता.

मुलांना प्रयोग शिकवताना ते एक वाक्य हजारदा बोलले होते, की एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे कशानं काय झालं ते कळतं. आता तेच वाक्य त्यांच्याच आवाजात त्यांच्या कानात वाजलं. मॅडम राखणदाराला झोपवत होत्या आणि बाप दिवसातून तीनदा त्याला हलवून उठवत होता. थर्मास मांडीवर होता. अजून गरम होता. गुरुजींना तो ठेवून द्यायचं सुचेना, घामानं तो हातातून निसटायला लागला.

सांगावं का? आता सांगून काय उपयोग? सांगितलं तर मॅडम काय म्हणतील, सुला काय म्हणेल, आणि शीला? नाही सांगितलं तर चार वाजता गाडी येईल, पोरगी जाईल, तिथं काढा मिळणार नाही, आपोआप बंद होईल. कुणाला कळायचंही नाही. हा विचार आला आणि गुरुजींना स्वतःची शिसारी आली. पण बाकावरून उठवेना. इतकी भीती त्यांना कधीच वाटली नव्हती.

"गुरुजी!"

किशनराव जिन्यावरून येत होते. धोतराचा सोगा हातात, काखेत ओल्या गोणपाटाचं गुंडाळं. ते बाकावर टेकले आणि गोणपाट उलगडलं. आत गुळवेल होती, अंगठ्याएवढी जाड, हिरवीगार, कापल्या टोकांतून अजून चीक येत होता. "तुमच्याच लिंबावरची हाय. सकाळच्याला सोता चढून कापली. म्हनलं, लेकरू आजारी हाय, गुरुजी कवा गावाकडं येतेत अन् कवा नेतेत."

साठीच्या पुढचा माणूस झाडावर चढला होता. गुरुजींनी गोणपाट परत वेलीवर ओढलं. "किशनराव, याच्यानंच झालं बहुतेक," ते म्हणाले.

"कायच्यानं?"

"या वेलीनं. मी मॅडमना सांगितलंच नाही. सांगायला पायजे."

किशनराव आवाज खाली आणून म्हणाले, "गुरुजी, गप ऱ्हावा. लेकराच्या काळजीनं तुमचं डोस्कं फिरायलंय. गुळवेलीनं कुनाचं वाटोळं झालंय का कवा? आमी चार वर्ष पियायलोत की. उगं तुमच्या तोंडानं तुमी आपल्या वेलीला बट्टा लावू नका. गाव काय म्हनंल?"

'आपल्या वेलीला' म्हणाले किशनराव. ज्या माणसानं तीस वर्षं पाणी नाकारलं तो आज आपली म्हणत होता आणि गप्प बसा म्हणून हात जोडत होता. गुरुजींना हे सगळं हवं होतं, आयुष्यभर हवं होतं. आत वॉर्डातून धम्मशीलाचा आवाज आला, "आई, टपाल..."

गुरुजी उठले. थर्मास घेऊन केबिनमध्ये गेले आणि तो मॅडमच्या टेबलावर, कागदांवरच ठेवला. "मॅडम, मी खोटं बोललो," ते म्हणाले. "मे महिन्यापासून गुळवेलीचा काढा देतोय. इथं आल्यावरही. दिवसातून तीनदा. मधले दोन दिवस नव्हता, तेव्हाच आकडा उतरला होता. तुम्ही बघा." त्यांनी सहाव्या दिवसाचा कागद वर ठेवला.

मॅडमनी झाकण उघडलं, वास घेतला आणि झाकण लावलं. "मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मला वाटत होतं माझ्या गोळ्या हरल्या. अहो गुरुजी, त्यांना लढूच दिलं नाही तुम्ही." त्यांचा आवाज चढला होता, तो त्यांनी आवरला. "सगळ्यांना बाधते असं मी म्हणत नाही. पण जिचे राखणदार आधीच पिसाळलेत, तिला हे?" मग त्यांनी फोन उचलला, मोठ्या शहरातल्या कुणा डॉक्टरांशी इंग्रजीत बोलल्या. गुरुजी उभेच होते. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "गोळ्यांऐवजी आता इंजेक्शनातून देते. गाडी दारात उभीच राहील. उद्या सकाळपर्यंत थांबू. आकडा थोडा जरी वाढला तर लगेच निघायचं. आणि तिच्या तोंडात माझ्या परवानगीशिवाय पाण्याचा थेंबही जाणार नाही."

सुलाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "मॅडमला इचारलंय म्हनले होते की तुमी," एवढंच त्या बोलल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पदरानं तोंड पुसून लेकीकडं गेल्या.

किशनरावही ऐकतच होते. "किशनराव," गुरुजी म्हणाले, "कस्तुराबाईंचे सांधे धरतात. आमवात हाय त्यांना. तोही असलाच आजार, आपलंच शरीर आपल्यावर उलटतं. त्यांना आजपासून देऊ नका. आधी डॉक्टरला दाखवा."

किशनरावांच्या पत्नी कस्तुराबाई तीन वर्षं तो काढा पीत होत्या. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग कठीण झाला. "म्हंजे इतके दिवस आमाला काय पाजलं तुमी?" ते म्हणाले. किशनराव जिना उतरून गेले. गोणपाट बाकाखालीच राहिलं. दुपारी झाडणाऱ्या मावशींनी विचारलं, "ही लाकडं कुनाची?" कुणी घ्यायला पुढं आलं नाही, तशी त्यांनी ती कचऱ्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी आकडा एकोणीसवरच होता. वाढला नव्हता, एवढंच. गाडी परत पाठवली नाही. तिसऱ्या दिवशी साडेसतरा. गुरुजी हे सगळं बाकावरून ऐकत होते. आत जायची त्यांची हिंमत होत नव्हती. सुलाबाई बाहेर येऊन आकडा सांगायच्या आणि परत जायच्या, दुसरं काही बोलायच्या नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी आतून मॅडमचा आवाज आला, "परभणी?" आणि मग हळू, अडखळत, पण न चुकता, "चार तीन एक चार शून्य एक." गुरुजींनी भिंतीकडं तोंड फिरवलं आणि ते हुंदके देऊन रडले. जाणारी येणारी माणसं थांबून बघत होती.

धोका टळलेला नव्हता. गोळ्या आता कदाचित जन्मभर घ्याव्या लागणार होत्या, राखणदार कधीही पुन्हा उठू शकत होते, मॅडमनी ते स्पष्ट सांगितलं होतं. दुपारी सुलाबाई कपडे धुवायला बहिणीकडं गेल्या आणि गुरुजींना आत जावंच लागलं.

धम्मशीला उशीला टेकून बसली होती. गालफडं वर आलेली, डोळे अजून पिवळे. पण त्या डोळ्यांत आता ती स्वतः होती. "बाबा," ती म्हणाली, "लय तहान लागली."

गुरुजींनी नर्सला विचारलं. पाणी चालेल म्हणाली. त्यांनी सीलबंद बाटली फोडली, ग्लास विसळला, भरला आणि पुढं केला. धम्मशीलानं हात पुढं केला नाही. तिनं ग्लासाकडं बघितलं, मग वाकून आत बघितलं.

"काय हाय यात?" तिनं विचारलं.

"पाणी."

"नुसतं पाणी?"

"नुसतं पाणी, शीले."

ती बराच वेळ त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होती. चिडलेली नव्हती. भ्यालेली होती, आणि बापाला भीत होती. पहिल्या दिवशी केबिनमध्ये ती अशीच त्यांच्याकडं बघत राहिली होती, ते खरं सांगतील म्हणून.

"आधी तुमी प्या," ती म्हणाली.

किशनरावांनी तीस वर्षं त्यांच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं, तेव्हा गुरुजींना निदान रागवता तरी येत होतं. त्यांनी ग्लास तोंडाला लावला आणि लेकीला नीट दिसेल असे मोठे दोन घोट घेतले. तिनं वाट बघितली. मग तिनं ग्लास स्वतःच्या हातात घेतला आणि उरलेलं पाणी हळूहळू प्यायली.